आजीची पुडी रोजची नव्हे

गणपती उठले की आमच्या गटाच्या बैठकीत हमखास निघतं, 'सासूबाईंना जमिनीवरून उठताना हात टेकावा लागतो, मांड्या भरून येतात.' वय झालं म्हणून आपण सोडून देतो. पण कधी कधी त्यामागे पावसाळाही असतो.

व्हिटॅमिन डी, म्हणजे ड जीवनसत्त्व, उन्हानं आपल्या कातडीत तयार होतं. ते कमी पडलं तर नाचणी, तीळ कितीही खा, त्यातलं कॅल्शियम अंगी लागत नाही. जून ते सप्टेंबर आभाळ भरलेलं. आपण निदान खुरपणीला बाहेर पडतो, आजी मात्र घरातच. त्यात म्हातारपणी कातडीत ते तयारही कमी होतं. आधीचा साठा काही आठवडे पुरतो, मग उतरतो. रक्ताच्या तपासणीत 20 च्या खाली आकडा आला, की कमतरता समजतात.

उघडीप मिळाली की आजीला अकरा ते दोनच्या दरम्यान पंधरा-वीस मिनिटं अंगणात बसवा. डोक्यावर पदर असू द्या, हातपाय उघडे. सकाळचं कोवळं ऊन बरं वाटतं, पण या कामाला फारसं पुरत नाही. खिडकीच्या काचेतून आलेलं तर नाहीच.

आता पुडीचं सांगते. माझ्या सासूबाईंना डॉक्टरांनी 60,000 युनिटची पुडी दिली होती, दुधातून, आठवड्याला एक, आठ आठवडे. त्यांना वाटलं, रोज घेतली तर लवकर बरं वाटेल. नातवाला मेडिकलमध्ये पाठवून त्या पुड्या आणवायच्या. दूध मीच गरम करून द्यायची, त्यात काय पडतंय ते कधी पाहिलं नाही. दोन महिन्यांनी उलट्या, सारखी तहान, पोट साफ होईना, बोलणं भरकटायला लागलं. दवाखान्यात नेलं तर रक्तात कॅल्शियम भलतंच वाढलेलं. चार दिवस सलाईन लावून ठेवलं.

हिशेब करा. सत्तरीनंतर माणसाला रोज साधारण 800 युनिट लागतात. म्हणजे एका पुडीत 75 दिवसांचं आलं! आणि हे जास्तीचं लघवीवाटे निघून जात नाही, चरबीत साठून राहतं. मूत्रपिंडावरही ताण येतो. एकदम जास्त दिल्यानंही भलं होत नाही. ऑस्ट्रेलियात सत्तरीपुढच्या बायकांना वर्षातून एकदाच 5 लाख युनिट देऊन पाहिले. 2010 साली निकाल आला, तर त्या बायका उलट जास्त वेळा पडल्या होत्या आणि हाडंही जास्त मोडली होती.

म्हणून पुडी डॉक्टरांना विचारूनच. मूतखडा किंवा किडनीचा त्रास असेल तर तो आधी सांगायचा. आठ आठवडे झाले की पुढे काय, तेही त्यांनाच विचारायचं.

आमच्या गटात आता ज्यांच्या घरी पुड्या चालू आहेत, त्या डबा स्वतःकडे ठेवतात. सोमवारी पुडी दिली, की कॅलेंडरवर त्या तारखेला गोल. आजीला वाचता येत नसलं तरी गोल दिसतो.