फिरता स्पीकर बनवताना कान सांभाळा

स्पीकर पेटीत जागच्या जागी असतो, तरी सूर खोलीभर फिरतो आहे असे वाटते. तो लाटेसारखा पुढे येतो, मागे सरतो, हलकेच डोलतो. साठ-सत्तरच्या दशकांतील पाश्चात्त्य गाणी ऐकणाऱ्यांना ऑर्गन आणि गिटारचा हा आवाज ओळखीचा असेल. ‘लेझली’ नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिरत्या स्पीकरची ही करामत. मूळ पेटी जड आणि महाग असल्याने अनेक हौशी गिटारवादक ती घरीच बनवतात. छंद उत्तम आहे. पण त्यात वीज, फिरते यंत्र आणि मोठा आवाज अशा तिन्ही गोष्टी एकत्र येतात. त्यामुळे कामाला लागण्यापूर्वी थोडे शास्त्र आणि थोडी खबरदारी जाणून घेतलेली बरी.

अमेरिकेतील डोनाल्ड लेझली यांना घरच्या छोट्या खोलीत हॅमंड ऑर्गनचा आवाज सपाट वाटत असे. मोठ्या सभागृहातील पाइप ऑर्गनचा भरदारपणा त्यात नव्हता. १९४०च्या सुमारास त्यांनी यावर उपाय काढला. स्पीकर स्थिर ठेवायचा आणि त्याच्यापुढे भोंगा फिरवायचा. १९६६ मध्ये बीटल्सच्या ‘टुमॉरो नेव्हर नोज’ या गाण्यात जॉन लेनन यांचा आवाजही अशाच पेटीतून काढला गेला. पुढे फेंडर कंपनीने खास गिटारसाठी ‘व्हायब्राटोन’ ही पेटी आणली. तिच्यात स्पीकरसमोर थर्मोकोलसारख्या हलक्या पदार्थाचे पिंप फिरते. घरी बनवणारे बहुतेक जण याच रचनेचे अनुकरण करतात.

सूर डोलतो तो डॉप्लर परिणामामुळे. ऑस्ट्रियाचे शास्त्रज्ञ ख्रिस्तियान डॉप्लर यांनी तो १८४२ मध्ये मांडला. आवाजाचा उगम आपल्याकडे येत असेल तर सूर चढा लागतो, दूर जात असेल तर उतरतो. भोंग्याचे तोंड अक्षापासून २० सेंटीमीटरवर असेल आणि तो मिनिटाला ४०० फेरे घेत असेल, तर त्या तोंडाचा वेग सेकंदाला सुमारे ८.४ मीटर, म्हणजे ताशी ३० किलोमीटर होतो. आवाजाच्या वेगाच्या तुलनेत हे अडीच टक्क्यांच्या आसपास आहे. त्यामुळे ४४० हर्ट्झचा सूर साधारण ११ हर्ट्झने वरखाली होतो. फरक एवढासाच, पण कान तो अचूक टिपतो. सोबत आवाज लहानमोठाही होत असतो. डॉप्लर सोनोग्राफीत रक्तवाहिनीतील प्रवाहाचा वेग आम्ही याच तत्त्वावर मोजतो. तिथे भोंग्याऐवजी रक्तातल्या पेशी हलत असतात.

आता घरच्या पेटीकडे वळू. स्पीकरच फिरवायचा मोह टाळावा. त्याचे चुंबक जड असते आणि वायरी पिळल्या जातात. फिरवायचे ते समोरचे हलके पिंप. त्यासाठी १२ व्होल्टची मोटर, पट्टा आणि तयार अडॅप्टर पुरेसा आहे. थेट २३० व्होल्टवर चालणारी मोटर उघड्या पेटीत बसवू नये. पिंपाचे वजन सर्व बाजूंनी सारखे हवे, नाहीतर वेग वाढताच पेटी थरथरते आणि पिंप निसटू शकते. बाहेरून मजबूत जाळी लावल्याशिवाय मोटर चालू करू नये. लांब केस, ओढणी, सैल बाही आणि लहान मुलांची बोटे यांना ताशी ३० किलोमीटरने फिरणारी कडा जवळ नको.

विजेच्या बाबतीत गिटारवादकाला धोका जास्त आहे, कारण त्याची बोटे सतत धातूच्या तारांवर असतात आणि त्या तारा अॅम्प्लिफायरच्या अर्थिंगशी जोडलेल्या असतात. स्कॉटिश गिटारवादक लेस हार्वी १९७२ मध्ये रंगमंचावर विजेच्या धक्क्याने गेले. ‘यार्डबर्ड्स’चे गायक कीथ रेल्फ १९७६ मध्ये स्वतःच्या घरी गिटार वाजवताना असेच गेले. म्हणून प्लगची तिसरी पिन कधीही काढू नये आणि घराचे अर्थिंग इलेक्ट्रिशियनकडून तपासून घ्यावे. ३० मिलीअॅम्पिअरचे आरसीसीबी बसवलेले असावे. व्हॉल्व्हचा अॅम्प्लिफायर उघडू नये. प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट साठलेले असू शकतात. कुणाला धक्का बसला तर त्याला हात लावण्याआधी मेन स्विच बंद करावा आणि १०८ला फोन करावा. तो प्रतिसाद देत नसेल आणि श्वास थांबला असेल, तर छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा जोरात दाब द्यावा.

कानाचे नुकसान मात्र धक्क्यासारखे लगेच कळत नाही. आतल्या कानातील सूक्ष्म केशपेशी आवाज मेंदूपर्यंत पोचवतात. माणसात त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तास ऐकणे सुरक्षित आहे. ९० डेसिबलला ही मुदत ४ तासांवर येते आणि १०० डेसिबलला अवघ्या २० मिनिटांवर. पेटी जुळवताना नेमके काय होते? सूर नीट डोलतो का, हे पाहायला माणूस आवाज वाढवतो आणि कान जाळीला लावतो. अंतर निम्मे झाले की आवाज साधारण ६ डेसिबलने वाढतो. एक मीटरवर ८५ असलेला आवाज २५ सेंटीमीटरवर ९७च्या घरात जातो. दोन-तीन संध्याकाळी अशी जुळवाजुळव चालली की आठवड्याची मुदत कधीच उलटून गेलेली असते.

खरे तर कान पेटीला लावून काही साधतही नाही. फिरणारा आवाज भिंतींवर आपटून दोन्ही कानांना वेगवेगळ्या वेळी पोचतो, आणि त्यातूनच तो खोलीभर फिरत असल्याचा भास होतो. म्हणून जुळवणी कमी आवाजात करावी, मोटर बंद करूनच पेटीजवळ जावे आणि ऐकायला दोन-तीन मीटर मागे बसावे. मोबाइलवरील डेसिबल मोजणारे अॅप अंदाजापुरते उपयोगी पडते. मोठ्या आवाजात सराव करायचा असेल तर इअरप्लग वापरावेत. वाजवून झाल्यावर कानांना दडे बसले किंवा शिट्टी वाजू लागली, तर आवाज जास्त झाला असे समजावे. दुसऱ्या दिवशी बरे वाटले तरी आतली हानी भरून आली असे नाही. त्रास एका दिवसाहून अधिक टिकला, तर कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून श्रवणचाचणी करून घ्यावी.