गुलामांच्या व्यापाराची किंमत कोणी मोजली?

सोळाव्या शतकापासून 1866 पर्यंत आफ्रिकेतून सुमारे 1 कोटी 25 लाख माणसं साखळदंड घालून अटलांटिकच्या जहाजांवर चढवली गेली. पलीकडच्या किनाऱ्यावर जिवंत उतरली ती सुमारे 1 कोटी 7 लाख. बाकीची वाटेतच मेली. हे आकडे पुष्कळदा सांगितले जातात. व्यापार बंद झाल्यावर नुकसान कोणाच्या पदरी पडलं आणि भरपाई कोणाच्या, हे मात्र क्वचित सांगितलं जातं.

ज्यांची माणसं गेली

1526 मध्ये काँगोचा ख्रिस्ती राजा अफोन्सो याने पोर्तुगालच्या राजाकडे पत्रातून तक्रार केली. व्यापारी रोज माणसं पळवतात, सरदारांची मुलं आणि आमचे नातलगही सोडत नाहीत, देश ओस पडतो आहे, असं त्याचं म्हणणं होतं. अफोन्सो गुलामगिरीच्या विरुद्ध नव्हता. युद्धकैदी तोही विकत असे. पण हा बाजार त्याच्या हाताबाहेर गेला होता, आणि पुढची तीनशे वर्षं अनेक राज्यांची हीच गत झाली. शेजाऱ्याकडे बंदुका आल्या की आपल्याकडे नसून भागत नसे, आणि बंदुकांसाठी माणसं द्यावी लागत. बंदुकांबरोबर कापडही येई. त्यात गुजरात आणि कोरोमंडल किनाऱ्यावरच्या कापडाचा वाटा मोठा होता. आपल्याकडच्या मागांवर विणलेलं कापड तिकडे माणसांच्या मोबदल्यात जात होतं.

जहाजांवर चढवलेल्यांत साधारण दोन तृतीयांश पुरुष होते. अंगोलाच्या काही भागांत अठराव्या शतकाच्या शेवटी प्रौढ पुरुषांपेक्षा बायकांची संख्या कितीतरी जास्त झाली होती. शेती, घर, म्हातारी माणसं, सगळा भार त्यांच्यावर आला. बेनिनमध्ये नोकुए सरोवरात खांबांवर उभारलेलं गांव्हिए नावाचं गाव आहे. माणसं पकडायला येणाऱ्या दाहोमी राज्याच्या सैनिकांना धार्मिक बंधनामुळे पाण्यावर चढाई करता येत नसे, म्हणून आमचे पूर्वज इथे आले, असं तिथले लोक सांगतात. हजारो माणसं आजही त्या पाण्यावर राहतात.

सगळ्यात खोल जखम मला वाटते ती विश्वासाची. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला कोएले नावाच्या मिशनऱ्याने फ्रीटाऊनमध्ये सुटका झालेल्या गुलामांना विचारलं, तुम्ही पकडले कसे गेलात? पुष्कळजण युद्धात सापडलेले, पुष्कळजण पळवलेले. पण काहींना नातलगांनी किंवा ओळखीच्यांनीच विकलं होतं. नेथन नन आणि मूळचे बेनिनचे लिओनार्ड वांचेकोन या अर्थतज्ज्ञांनी 2011 मध्ये दाखवलं की ज्या जमातींतून जास्त माणसं नेली गेली, त्यांचे वंशज आजही शेजाऱ्यांवर, नातलगांवर आणि स्थानिक कारभारावर कमी विश्वास ठेवतात. पिढ्यान्‌पिढ्या आईबापांनी मुलांना सावध राहायला शिकवलं असेल. ते शिकवणं तेव्हा जीव वाचवणारं होतं.

स्वातंत्र्याची किंमत

हैतीतल्या गुलामांनी 1791 मध्ये बंड केलं आणि 1 जानेवारी 1804 रोजी स्वतंत्र देश उभारला. त्याआधी फ्रान्सची ही वसाहत जगातल्या सर्वांत श्रीमंत वसाहतींपैकी एक होती. युरोपातली निम्म्याहून अधिक कॉफी तिथून जाई. 1825 मध्ये फ्रान्सने 14 युद्धनौका पाठवून मान्यतेच्या बदल्यात 15 कोटी फ्रँक मागितले. ही भरपाई होती मळेवाल्यांसाठी. ज्यांना विकत घेतलं होतं, त्यांनीच आपल्या मालकांचं नुकसान भरून द्यायचं! पहिल्या हप्त्यासाठी हैतीला फ्रान्सच्याच सावकारांकडून 3 कोटींचं कर्ज घ्यावं लागलं, आणि दलाली कापून हातात आले 2 कोटी 40 लाख. 1838 मध्ये मूळ मागणी 9 कोटींवर आली, तरी त्यातून वाढलेली कर्जं फिटायला 1947 उजाडलं. तोवर शाळा, रस्ते, दवाखाने यांचा पैसा बाहेर जात राहिला. हैतीच्या गरिबीबद्दल बोलताना हा इतिहास वगळणं मला अन्याय्य वाटतं.

लंडनमधला हिशोब

ब्रिटनने 1833 मध्ये आपल्या बहुतेक वसाहतींतली गुलामगिरी रद्द करणारा कायदा केला आणि मालकांना 2 कोटी पौंड द्यायचं ठरवलं. ही रक्कम सरकारच्या वर्षभराच्या खर्चाच्या सुमारे 40 टक्के होती. सुटलेल्या माणसांना एक छदामही मिळाला नाही. उलट उमेदवारीच्या नावाखाली काही वर्षं त्यांना जुन्याच मालकाकडे राबावं लागलं. या भरपाईसाठी काढलेल्या कर्जाचा शेवटचा भाग 2015 मध्ये फिटला. म्हणजे त्या वर्षापर्यंत ब्रिटनमधले करदाते, त्यात वेस्ट इंडिजमधून आलेल्यांचे वंशजही, तो भार उचलत होते.

ब्राझीलमध्ये तर मालकांना भरपाई नव्हती आणि गुलामांना जमीनही नव्हती. सगळ्यात जास्त, सुमारे 48 लाख माणसं तिथे उतरली, आणि अमेरिका खंडांत सुटका झाली तीही तिथेच सगळ्यात उशिरा, 13 मे 1888 रोजी.

मॉरिशस आणि कोकणातली माणसं

मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत मादागास्कर आणि मोझांबिकमधून आणलेले गुलाम राबत. त्याच ब्रिटिश कायद्याने 1 फेब्रुवारी 1835 रोजी तिथली गुलामगिरी संपली. सुटलेल्यांपैकी पुष्कळांनी मळे सोडले आणि ते किनाऱ्याला जाऊन मासेमारी करू लागले. मळेवाल्यांनी त्यांच्या जागी हिंदुस्थानातून गिरमिटिये, म्हणजे कराराने बांधलेले मजूर, आणले, पुढच्या काळात साडेचार लाखांच्या आसपास. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी, साताऱ्याकडची मराठी माणसं होती. पगार महिन्याला पाच रुपये, आणि एक दिवस गैरहजर राहिलं की दोन दिवसांचा पगार कापत.

तिथे आज गणेश चतुर्थीला सार्वजनिक सुट्टी असते आणि कोकणातली जाखडी ‘झाकरी’ म्हणून नाचली जाते. आपल्याला त्याचा अभिमान वाटतो, आणि वाटायलाच हवा. पण ज्या मळ्यात आपले लोक उतरले, ती जागा कोणी रिकामी केली होती, हेही आपण विचारायला हवं. आफ्रिकी वंशाच्या क्रिओल लोकांपैकी अनेकजण आजही तिथल्या गरीब वस्त्यांत राहतात. 2009 मध्ये मॉरिशसने सत्य आणि न्याय आयोग नेमला आणि गुलामगिरी व गिरमिट हे दोन्ही इतिहास त्याच्याकडे एकत्र सोपवले. 2011 मध्ये त्याचा अहवाल आला. आयोगाकडे जमीन हिरावल्याच्या शेकडो तक्रारी आल्या होत्या. त्या गुलामांच्या वंशजांच्या होत्या, तशा गिरमिटियांच्या वंशजांच्याही.