रविवारचे शंकू, सोमवारची कचेरी

भाच्याने झारीने गाडीच्या पुढल्या काचेच्या पायथ्याशी असलेल्या जाळीवर सावकाश पाणी ओतले आणि मी आत, विजेरी हाती धरून, ब्रेकच्या पायपट्टीपाशी मान वाकडी करून वर पाहत बसलो. अर्ध्याएक मिनिटाने पहिला थेंब मनगटावर पडला, मागोमाग धार लागली, माझे पायमोजे भिजले, आणि ज्या वाहनाच्या अश्वशक्तीविषयी, गिअरांच्या प्रमाणांविषयी आणि टायरांच्या रुंदीविषयी गेले दोन महिने रोज रात्री जेवणानंतर आमचा खल चालला होता, त्याचे खरे दुखणे कोठे आहे हे उभयतांस एकदमच उमगले. "मामा, हे आधी," एवढेच बोलून भाच्याने झारी खाली ठेवली.

मी राज्य परिवहनाच्या एका आगाराच्या कार्यशाळेत एकतीस वर्षे काढलेला इसम. निवृत्तीनंतर दोन हिवाळे कॅलिफोर्नियात मिलपिटास येथे भाच्याकडे राहण्याचा योग आला, आणि त्याच्या गॅरेजमध्ये उभी असलेली १९६६ सालची फोर्ड मस्टँग हीच माझी तेथील दिनचर्या झाली. या जातीच्या गाडीचे प्रथम दर्शन १७ एप्रिल १९६४ रोजी न्यू यॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात घडले. तिला 'मसल कार' म्हणावे की नाही यावर तिकडचे कर्मठ लोक अद्याप भांडतात; त्यांच्या मते ही 'पोनी कार', म्हणजे तट्टांच्या कुळातली, आणि हा वाद मला आपल्याकडील पोटजातींच्या वादाइतकाच निष्फळ वाटला. इंजिनाच्या कप्प्यात डाव्या बाजूच्या पत्र्यावर ठोकलेल्या क्रमांकात गाडीची सारी कुळकथा असते: पहिला आकडा ६ म्हणजे साल, पुढचा आर म्हणजे सॅन होजेचा कारखाना, ०७ म्हणजे पक्क्या छपराची दोनदारी बांधणी, आणि सी म्हणजे २८९ घनइंचांचे, आठ सिलिंडरांचे, २०० अश्वशक्तीचे इंजिन. गंमत अशी की सॅन होजेचा म्हणून ओळखला जाणारा हा कारखाना वस्तुतः मिलपिटासलाच होता. १९८३ मध्ये तो बंद पडला, १९९४ मध्ये त्याच इमारतीत एक प्रचंड बाजार थाटला गेला, आणि माझे ते भिजलेले पायमोजे आदल्याच आठवड्यात त्या बाजारातून आणलेले होते.

भाच्याची अट एकच, परंतु जाचक होती. गाडी रविवारी ऑटोक्रॉसमध्ये उतरवायची, तेथवर स्वतः चालवत न्यायची, चालवतच परत आणायची, आणि सोमवारी सकाळी तिनेच कचेरी गाठायची. ऑटोक्रॉस म्हणजे एखाद्या विस्तीर्ण फरसबंद आवारात नारिंगी रबरी शंकू मांडून आखलेल्या नागमोडी वाटेवरची शर्यत. एका वेळी एकच गाडी सुटते आणि तिची स्पर्धा असते ती केवळ घड्याळाशी. फेरी मिनिटभराची, वेग हमरस्त्यावरच्या वेगाहून फारसा अधिक नाही, पण वळणामागून वळण असे येते की श्वास घ्यावयास सवड नसते. एका रांगेत उभ्या केलेल्या शंकूंच्या एकदा डावीकडून, एकदा उजवीकडून गाडी काढतात, तेव्हा खो-खोत एकेरी साखळी खेळणाऱ्या गड्याची हटकून आठवण होते. तेथेही जोर पायांत असून भागत नाही, पुढचे वळण मागच्या वळणातच धरावे लागते. १९४४ साली स्थापन झालेल्या 'स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिका' या संस्थेने जुन्या अमेरिकी गाड्यांसाठी स्वतंत्र वर्ग ठेवला आहे, आणि त्यातील एक नियम मला फार शहाणपणाचा वाटला: टायरच्या अंगावर छापलेला झिजेचा अंक २०० हून कमी असता कामा नये. म्हणजे चार फेऱ्यांत विरघळून जाणारे शर्यतीचे मऊ टायर वर्ज्य. ज्या टायरांवर घरी जायचे त्यांच्यावरच धावायचे.

तर ती जाळी. पुढल्या काचेखाली दोन पत्र्यांची एक बंद पन्हळ असते. जाळीतून आत आलेली हवा दोन भोकांवाटे माणसांकडे जाते आणि पाणी दोहो बाजूंच्या वाटांनी बाहेर पडते. पाण्याने भोकात शिरू नये म्हणून भोकांभोवती पत्र्याची उभी कड असते, आणि साठ वर्षांची पाने, माती व ओल तेथे साचून ती कडच गंजून नाहीशी झालेली होती. पूर्वीच्या कोणा मालकाने वरून डांबरासारखे काही फासून पाण्याची तात्पुरती समजूत काढली होती. पन्हळ उघडण्याचा मार्ग एकच: वरचा पत्रा ज्या वेल्डिंगच्या ठिपक्यांनी जोडलेला आहे ते एकेक हुडकून भोकपाडी यंत्राने खालच्या पत्र्याला इजा न करता सोडवणे. भाच्याने तारेच्या ब्रशाने रंग काढावा, मी ठिपका दिसताच खडूने खूण करावी, असे आम्ही पाच शनिवार घालवले. नवी कड बसवून, सांध्यांत लुकण भरून, गंजरोधक रंग देऊन पत्रा पुन्हा जोडला तेव्हा बाहेरून पाहणाऱ्यास गाडीत यत्किंचितही फरक पडलेला नव्हता. शेजारचे गृहस्थ येऊन विचारीत, "इंजिन केव्हा बदलणार?" त्यांना काय सांगावे!

इंजिनाला आम्ही जवळजवळ हात लावला नाही. मोठा रेडिएटर बसवला, कारण सायंकाळच्या वाहनांच्या रांगेत पाणी उकळू लागे, ठिणगीची व्यवस्था इलेक्ट्रॉनिक केली, पुरे. या गाडीत जोर कधीच कमी नव्हता, कमी होते ते थांबणे आणि वळणे. मूळ गाडीला चारही चाकांस ड्रम ब्रेक होते आणि मास्टर सिलिंडर एकाच कप्प्याचा, म्हणजे एका नळीस चीर पडली की चारही चाकांचा ब्रेक एकदम गेला; दोन कप्प्यांचा सिलिंडर मस्टँगला मिळाला तो १९६७ मध्ये. आगारात ज्याने ब्रेकचे लायनर बदलत उमेदीची वर्षे घालवली त्याला या बाबतीत फार वादविवादाची गरज नसते. पुढे डिस्क, दोन कप्प्यांचा सिलिंडर आणि खांद्यावरून येणारे सुरक्षापट्टे एवढे होईपर्यंत मी गाडीत बसणार नाही असे निक्षून सांगितले. मागची डिकी हा आणखी एक अजब मामला निघाला: तिचा तळ म्हणजे साक्षात पेट्रोलच्या टाकीचा माथा, आणि टाकी व मागले आसन यांमध्ये पुठ्ठ्याखेरीज आडकाठी नाही. किराणा दुकानातून आणलेले तांदळाचे पोते आम्ही इतके दिवस पेट्रोलवर ठेवत होतो हे कळल्यावर भाच्याने मध्ये पोलादी पत्र्याचा पडदा घातला.

मला खरा आनंद दिला तो पुढच्या चाकांच्या मांडणीने. प्रत्येक चाक एकाखाली एक अशा दोन आडव्या भुजांनी धरलेले असते आणि स्प्रिंग वरच्या भुजेवर उभी राहून पत्र्याच्या एका बुरुजात शिरते. वळणावर गाडी बाहेरच्या अंगाला कलली की त्या बाजूचे चाकही तिच्याबरोबर बाहेर कलते, टायर कडेवर चालू लागतो, आणि मग तो कितीही रुंद असला तरी त्याची रुंदी वाया जाते. फोर्डमधील क्लाउस आर्निंग नावाच्या अभियंत्याने यावर काढलेला तोडगा कॅरोल शेल्बीने १९६५ च्या आपल्या जीटी ३५० गाड्यांत वापरला, तो असा की वरच्या भुजेचे आतले टोक एक इंच खाली आणावयाचे. त्यासाठी नवा सुटा भाग लागत नाही. बुरुजाला नवी भोके पाडून तीच भुजा त्यांत बसवली की झाले. आता चाक दाबले जाऊन वर सरकू लागले की भुजा त्याचा माथा आत ओढून घेते, आणि गाडी कलली तरी टायर जमिनीवर पुष्कळसा सपाट राहतो. कागदावर मी हे दोन रेषा आणि एक वर्तुळ काढून पडताळून पाहिले होते. तरीही प्रत्यक्ष भोक पाडताना भाच्याचा हात थांबला, कारण एकदा पाडलेले भोक बुजत नाही. मापाचा पुठ्ठा मी तीनदा लावून पाहिला आणि चौथ्यांदा त्याने. पुढे दोन्ही बुरूज मागच्या पत्र्याशी बांधणारा एक पोलादी आडबंध बसवला. त्याला तिकडे 'एक्सपोर्ट ब्रेस' म्हणतात. परदेशांतील खडबडीत रस्त्यांवर बुरूज हलू नयेत म्हणून निर्यातीच्या गाड्यांत तो असे. शर्यतवाल्यांनी पुढे उचलून धरलेला हा भाग मुळात आमच्यासारख्यांच्या रस्त्यांची सोय होती, हे कळून मला उगाच अभिमान वाटला.

यानंतर दोन गरजांचे भांडण सुरू झाले. भुजांच्या सांध्यांतील रबरी बुश काढून कडक धातूचे घातले तर चाक हुकमात राहते, पण रस्त्यावरील प्रत्येक खडा दातांत कळतो. मागच्या कमानी जाड केल्या तर रविवार सुधारतो आणि कचेरीच्या आवारातील गतिरोधकांवर सोमवार बिघडतो. चाक लवकर वळावे म्हणून स्टिअरिंग बदलले, तर बाजाराच्या वाहनतळात गाडी लावताना भाच्याचे दंड भरून येऊ लागले. काही ठिकाणी रविवार जिंकला, काही ठिकाणी सोमवार. पुढच्या बुशांत सोमवार, स्टिअरिंगमध्ये रविवार. गिअरबॉक्सच्या बाबतीत मात्र दोघांचे एकमत झाले. नंतरच्या एका पिढीतील मस्टँगमध्ये आलेला पाच गिअरांचा टी-५ हा डबा त्याच कुळातल्या इंजिनांबरोबर चालत असल्याने थोड्या तजविजीने येथेही बसला. मागच्या धुरीचे प्रमाण ३.५५ आणि टायरची उंची सुमारे २५ इंच धरून मी वहीत हिशेब मांडला: ताशी ६५ मैलांना सरळ गिअरात इंजिन मिनिटाला सुमारे ३,१०० फेरे घेते, ०.६८ च्या पाचव्यात सुमारे २,१००. पहिल्याच दिवशी हमरस्त्यावर भाच्याने पाचवा टाकला आणि आम्हाला एकमेकांचे बोलणे ऐकू आले. सरकारदरबारचा त्रासही फारसा नव्हता. १९७५ व त्यापूर्वीच्या गाड्यांना कॅलिफोर्नियात धूरतपासणीची माफी आहे.

दुसऱ्या हिवाळ्यातील नोव्हेंबरात एका रविवारी आम्ही मैदानावर पोहोचलो. प्रथम जबाबदारीमुक्तीच्या करारनाम्यावर सह्या, मग गाडीची तपासणी: बॅटरी घट्ट बांधली आहे ना, चाकांचे नट आवळले आहेत ना, आत काही सुटे लोळत नाही ना. आमच्या डिकीत धण्याची एक पुडी सापडली आणि ती माझ्या हाती देण्यात आली. त्यानंतर सारे स्पर्धक वाट पाठ करण्यासाठी पायी फिरले. ओठांत पुटपुटत, हातांनी अदृश्य स्टिअरिंग फिरवत चाललेला तो समुदाय दुरून एखाद्या संप्रदायाच्या प्रदक्षिणेसारखा दिसे. शंकू उचलण्याचे कामही स्पर्धकच आळीपाळीने करतात. शंकू हलला की पळत जाऊन तो खडूच्या चौकटीत आहे की बाहेर ते पाहायचे आणि बिनतारी यंत्रावर कळवायचे. पंचाहत्तर हजारांची नवी गाडी असो की भाच्याचे साठीतले तट्टू, दंड दोनच सेकंदांचा.

पहिल्या फेरीत त्याने तीन शंकू उडवले. दुसरीत एकही नाही, परंतु लांबच्या उजव्या वळणात तेलाच्या दाबाचा काटा एकाएकी खाली गेला, आणि त्याने पाय उचलला. वळणाच्या ओढीने तळपात्रातील तेल एका बाजूस चढले होते आणि पंपाचे तोंड क्षणभर उघडे पडले होते. रस्त्यावर दोन वर्षे चालवूनही हे कधी दिसले नसते, कारण रस्त्यावर कोणी शहाणा असा वळत नाही. इंजिनाला हात लावायचा नाही या आमच्या निश्चयाची सांगता येथे झाली. उरलेल्या दोन फेऱ्या त्याने सोडून दिल्या, कप्पे पाडलेले नवे तळपात्र मागवायचे ठरले, आणि आम्ही पाचव्या गिअरात, गप्पा मारत, घरी आलो.

रात्री पाऊस सुरू झाला. सकाळी भाचा कचेरीला निघाला. वाटेत मला ग्रंथालयापाशी सोडणार होता. वायपर संथपणे फिरत होते, पायाखालची सतरंजी मी दोनदा हात लावून पाहिली, कोरडी होती. तेवढ्यात गुडघ्यावर एक थेंब पडला. मी वर पाहिले. तो दाराच्या काचेच्या रबरातून आला होता. भाच्याने तो पाहिला, आणि न पाहिल्यासारखे करून गिअर बदलला.