वैनगंगेचा पूर आभाळाकडे पाहून कळत नाही

भंडाऱ्याला समुद्री वादळाचं भय नाही. इथली आपत्ती वैनगंगेतून येते. ऑगस्ट 2020च्या अखेरीस मध्य प्रदेशात धो धो पाऊस झाला. शिवनी जिल्ह्यातल्या संजय सरोवराचं पाणी वैनगंगेतून आलं, पेंचचं कन्हानमार्गे आंभोऱ्याला येऊन मिळालं आणि भंडारा शहराच्या वस्त्यांत शिरलं. म्हणून आपल्या अंगणात ऊन असलं तरी वरच्या धरणांच्या विसर्गाची बातमी रोज ऐकाच. खाली पवनी तालुक्यात गोसेखुर्दचे 33 दरवाजे आहेत, त्यांचीही.

मृगाआधीच सातबारा, आधार, पासबुक प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उंचावर ठेवा. बियाण्याचं धान माळ्यावर चढवा. पाणी उंबऱ्याशी येण्याआधी मेन स्विच बंद करा. आणि गोठ्यातली दावी सोडा, हे कळकळीनं सांगतो. बांधलेली गाय पोहू शकत नाही.

गावात म्हातारी, गरोदर, अंथरुणावरची माणसं कोणत्या घरात आहेत, त्यांना कोण उचलून नेणार, हे आधीच ठरवा. जिल्हा नियंत्रण कक्षाचा 1077 हा क्रमांक भिंतीवर कोळशानं लिहिला तरी चालेल. पूर ओसरल्यावर चुलीमागे, लाकडांत हात घालण्याआधी काठी फिरवा. साप तिथंच आसरा घेतात.