तणमोराचें छायाचित्र व आमचा धुरा

गेल्या श्रावणांत जऊळक्यास आमच्या शेतीं एक पाहुणे लांब नळीचा कॅमेरा घेऊन तणमोराचें छायाचित्र घेण्यास आले. वऱ्हाडांतील गवताळ माळांवर व सोयाबीनच्या पिकांत हा पक्षी पावसाळ्यांत विणीस येतो, हें कित्येक वाचकांस ठाऊक असेलच. काळा नर, मस्तकामागें बारीक तुरे. मादीच्या दृष्टीस पडावें म्हणून तो गवतांतून उंच उडी घेतो, आणि अशा उड्या दिवसांत शेंकडों!

४०० मिलिमीटरचें भिंग साध्या ५० मिलिमीटरच्या भिंगाहून आठपट मोठें दाखवितें. ८० पावलांवरील पक्षी १० पावलांवर भासतो. दूर राहतां यावें यासाठींच तें भिंग. परंतु पाहुणे पुढें पुढें सरकूं लागले, आणि आम्ही भिडेनें गप्प राहिलों. ही चूक आमचीच. नराचें उडणें थांबलें.

मादी तीनचार अंडीं जमिनीवरच घालते व एकटीच सुमारें तीन आठवडे उबविते. ती उठली कीं कावळ्यांचें फावतें. २०२१ सालीं आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघानें हा पक्षी अतिसंकटग्रस्त ठरविला.

यंदां आम्ही धुऱ्यावर खुंटी ठोकली आहे. कॅमेरेवाल्यास तिच्यापुढें सोडीत नाहीं. धुऱ्याचें गवतही अश्विनापर्यंत कापावयाचें नाहीं, असें गड्यास बजाविलें आहे.