चिखलाने रंगणारं रेशीम वर्गात शिकवता येतं का?

चीनच्या ग्वांगदोंग प्रांतात शुंदे नावाचा भाग आहे. तिथे रेशीम चक्क नदीच्या गाळाने रंगवतात. या कापडाला श्यांगयुनशा म्हणतात.

आधी कोनफळाच्या कुळातल्या एका कंदाचा तांबूस रस काढायचा. त्यात कापड भिजवायचं, गवतावर पसरून उन्हात वाळवायचं, पुन्हा भिजवायचं. असं कितीतरी वेळा. मग ऊन चढायच्या आत एका बाजूला गाळ फासायचा. कंदातल्या टॅनिनची गाळातल्या लोहाशी गाठ पडली की ती बाजू चकचकीत काळी होते, दुसरी तपकिरीच राहते. हिरड्याच्या पाण्यात लोखंड पडलं की ते काळं होतं, तसाच हा प्रकार.

2008 मध्ये ही कला चीनच्या राष्ट्रीय वारसा यादीत आली. पण यादीत नाव आलं म्हणून चिखलात उतरायला तरुण पोरं मिळतातच असं नाही. मग ही विद्या पुढे कशी न्यायची?

भरतकामात हा प्रश्न शंभर वर्षांपूर्वीच आला होता. सुझोऊची शेन शोउ ही नामांकित भरतकार. तिचं काम राजमाता त्सशीला आवडलं आणि सरकारने तिला जपानला पाठवलं, तिथलं भरतकाम आणि ते शिकवण्याची पद्धत पाहायला. तिथून ती छायाप्रकाशाची जाण घेऊन आली आणि सुईने हुबेहूब माणसांचे चेहरे उभे करू लागली. 1914 मध्ये उद्योगपती च्यांग च्येन यांनी नानतोंगमध्ये मुलींसाठी भरतकामाची शाळा काढली, ती शेन शोउच्या हाती दिली. पुढे ती आजारी पडली. तेव्हा तिने सांगायचं आणि च्यांग यांनी लिहून घ्यायचं, असं करत 1919 मध्ये टाक्यांचं पुस्तक निघालं. दोन वर्षांनी ती गेली.

2015 पासून चीन सरकार पारंपरिक कारागिरांना थोड्या काळासाठी विद्यापीठांत शिकायला पाठवतं. कल्पना चांगलीच. डिझाइन कळतं, रंगामागचं रसायन समजतं. पण गाळ कितपत दाट हवा, हे बोटांनाच कळतं. ते महिन्याभरात अंगी येत नाही.

शिवाय सुई-दोरा कुठल्याही देशात नेता येतो. शुंदेची नदी आणि ऊन नेता येत नाही. बाहेरच्या विद्यार्थ्याला हे रंगकाम हाताने शिकायचं तर तिथेच जावं लागतं, तेही पावसाने उघडीप दिलेली असेल तेव्हा.