मोहल्ल्याचा स्वतःचा सर्व्हर हवाय? आधी रॅमचा हिशोब करा

शाळेच्या जुन्या मुलांचा ग्रुप, मस्जिद कमिटीचा ग्रुप, स्थळांचा ग्रुप. राबोडी असो, मुंब्रा असो की कल्याणचा दूधनाका, आपला सगळा कारभार व्हॉट्सअॅपवर चालतो. "सर, आपलं स्वतःचं काही नसावं का?" असं मुलं हल्ली विचारतात. असू शकतं, पण खर्च बघून.

२०१९ मध्ये सुप्रीम कोर्टाचे वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा भारतातले बरेच लोक मास्टोडॉनवर गेले होते. तिथे एक मालक नसतो. कुणीही आपला सर्व्हर उभारतो आणि अॅक्टिव्हिटीपब या सामाईक नियमामुळे ते सर्व्हर एकमेकांशी बोलतात. जीमेलवाला याहूवाल्याला मेल पाठवतो ना, तसंच.

नाव ऐकलंय म्हणून मुलं थेट मास्टोडॉनच बसवायला निघतात. पण तो एकटा येत नाही. पोस्टग्रेस नावाचा डेटाबेस, शिवाय रेडिस, शिवाय पोस्ट इकडून तिकडे पोचवणारा साइडकिक, हे सगळे रात्रंदिवस चालू ठेवावे लागतात. दोन जीबी रॅम यातच जाते. चाळीस-पन्नास घरांसाठी हे म्हणजे रोजच्या जेवणाला वलीम्याची देग चढवणं झालं.

त्यापेक्षा गोटूसोशल बघा. एकच प्रोग्राम, डेटाबेस म्हणून साधी एसक्यूलाइट, आणि साधारण २५० ते ३५० एमबी रॅम. जुन्या लॅपटॉपवरही चालतो. पण आपल्याकडे पावसाळ्यात लाइट जाते, म्हणून छोटा भाड्याचा सर्व्हर बरा. उणीव आहेच: पोस्ट लिहायला त्याचं स्वतःचं पान नाही, मोबाइलवर टस्कीसारखं अॅप घ्यावं लागतं. आजी-आजोबांना ते कुणीतरी बसवून द्यावं. चार-पाच जणच असतील तर स्नॅक आणखी हलका, त्याला डेटाबेसच लागत नाही.

डिस्क मात्र रॅमपेक्षा लवकर भरते, कारण बाहेरच्या सर्व्हरवरचे फोटोही आपल्याकडे साठतात. गोटूसोशल ते सात दिवसांनी काढून टाकतो. ही मुदत वाढवू नका.

आणि एक गोष्ट घरात नीट सांगा. इथले खासगी निरोप सर्व्हर चालवणाऱ्याला वाचता येतात. मुलींचे फोटो, बायोडाटा व्हॉट्सअॅपवरच राहू द्या.

डोमेनचं नाव मागाहून बदलता येत नाही, म्हणून ते कमिटीच्या नावावर घ्या. ज्या मुलाच्या कार्डावरून घेतलं तो उद्या नोकरीला दुबईला गेला आणि नूतनीकरण राहून गेलं, तर सगळ्यांची खाती एकदम जातील.